मंडळाच्या कपाटातल्या नकला : कागदातलं आम्ल काढावं की नाही?

नाट्यवेडी

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईनं हवा आहे, कारण रविवारी कार्यकारिणीची बैठक आहे.

आमच्या गावच्या (फोंडा तालुका) देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांना उतरायच्या इमारतीत) नाट्यमंडळाचं कपाट आहे. उत्सवाला नाटक करायची प्रथा अजून चालू आहे, त्यामुळे कपाट कधी पूर्ण बंद पडलं नाही आणि कधी नीट लावलंही गेलं नाही. आत साधारण हे आहे: १९३० नंतरच्या हस्तलिखित नकला (प्रत्येक पात्राची वेगळी वही), मुंबई-पुण्याला छापलेली नाटकांची पुस्तकं, जमाखर्चाच्या वह्या, गुलाबी-पिवळ्या कागदावरची हस्तपत्रकं, पोर्तुगीज अमदानीतले परवाने तिकिटं-शिक्क्यांसकट, सभामंडपाचा एक निळा नकाशा, आणि तळाला खारव्याच्या (लाल जाड्याभरड्या कापडाच्या) रुमालात बांधलेले मोडी कागद. ते मंडळाचे नसून देवळाचे असावेत.

नकलांची पानं चहाच्या रंगाची झाली आहेत. वही उघडली की कडांचे तुकडे मांडीवर पडतात. एका संस्थेनं पानामागे दर लावून सगळ्याचं "अॅसिड काढून, वर लॅमिनेट करून" द्यायची तयारी दाखवली आहे. अर्धी कार्यकारिणी राजी आहे. आम्ल खरंच निघतं का? काढलं तर कागद सुधारतो का? आणि सगळं सरसकट करायचं का?

दर्यावर्दी

लॅमिनेट नको, एवढं मलाही कळतं. आम्लाचं म्हणाल तर त्याला चुना लावा! पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवायचा, वरचं निवळ पाणी घ्यायचं, त्यात वही बुडवायची. आपल्या गोव्यात शिंपल्यांचा चुना काय कमी आहे? पानामागे दर कशाला द्यायचा? (हलके घ्या.)

मांडवीकाठ

हलकंच घेतलं, पण गंमत अशी की दर्यावर्दी थट्टेत बरंचसं बरोबर बोलून गेले. चुन्याची निवळी हाच यातला सर्वात जुना शास्त्रीय उपाय आहे. अमेरिकेत विल्यम बॅरो नावाच्या गृहस्थानं गेल्या शतकाच्या मध्यावर तो रुळवला. सुटी पानं आधी चुन्याच्या निवळीत, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात. पहिल्या पाण्यात आम्ल मरतं. दुसऱ्यात उरलेल्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन ते धाग्यांत बसतं आणि पुढे तयार होणाऱ्या आम्लाला तोंड देतं. ही शिल्लक महत्त्वाची आहे. टिकाऊ कागदाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही (आयएसओ ९७०६) निदान २ टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली (म्हणजे आम्लाला मारणारा) साठा मागितला आहे.

आता डबीतला चुना का नको? त्यात लोह आणि इतर माती असते. लोह कागदात शिरलं की तेच सेल्युलोज (कागदाचे धागे ज्याचे बनतात ते) कुजवायला मदत करतं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं आणि लागतंही अगदी कमी. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतं, बाकी तळाला बसतं. पण त्या निवळीचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, सात म्हणजे उदासीन) बाराच्या वर असतो. म्हणजे ती सौम्य मुळीच नाही, हे लक्षात ठेवून पुढचं बोला.

आम्ल कुठून आलं, तेही सांगून टाकतो (जुनी खोड, शाळा सुटली तरी फळा सुटत नाही). चिंध्यांच्या जुन्या कागदाला शाई फुटू नये म्हणून सरस लावत. १८०७ मध्ये इलिग या जर्मन माणसानं त्याऐवजी लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची युक्ती काढली. गिरणीतली ही तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. त्याला दमट हवा मिळाली की हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या मध्येच तोडतं. साखळ्या आखूड झाल्या की कागद घडीवर मोडतो. पुढे १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करायला सुरुवात झाली. त्यात लिग्निन (लाकडाचे धागे जोडून धरणारा पदार्थ) तसंच राहतं, ते उजेडात आणि हवेत पिवळं पडून आणखी आम्लं सोडतं. तुमच्या नकलांच्या वह्या या दोन्हींची लेकरं आहेत. राळ-तुरटी हवाच दमट मागते, आणि फोंड्याच्या पावसात ती फुकट मिळते.

पेडणेकरीण

वाचनखूण साठवली. आमच्या घरीही आजेसासऱ्यांच्या कीर्तनाच्या वह्या आहेत.

कागदकिडा

मी मुंबईत एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात काम केलं, आता पणजीत असतो. नाट्यवेडीताई, बैठकीत सर्वात आधी एक गोष्ट सांगा: आम्ल काढल्यानं कागद *सुधारत* नाही. मोडणारं पान मोडणारंच राहतं, तपकिरी पान पांढरं होत नाही. पुढची झीज मंदावते, इतकंच. तुटलेल्या साखळ्या चुना जोडून देत नाही. त्यामुळे जे पान आज हातात घेतलं की तुटतं, त्याला आंघोळ घालणं म्हणजे त्याचे बाथमध्येच तुकडे करणं.

दुसरी गोष्ट. लोक कागद बघून ठरवतात, मी शाई बघून ठरवतो. कागदाला अल्कली बहुतेक वेळा चालतं. शाईला चालतंच असं नाही. म्हणून विचारतो:

नकला कोणत्या शाईत आहेत? निळ्या की निळ्या-काळ्या? जमाखर्चाच्या वह्यांत जांभळी पेन्सिल आहे का, ती जिभेला लावून लिहायची? परवान्यांवरचा मजकूर टंकलिखित आहे की बोरूचा? आणि अक्षराच्या जागी कागदाला भोकं किंवा मागच्या बाजूला तपकिरी छाया दिसते का?

हे कळल्याशिवाय पानामागे दर सांगणारा माणूस तुमच्या कपाटाचं काम करत नाहीये, स्वतःच्या यंत्राचं करतोय.

सासष्टीकर

शेवटच्या वाक्याला +१००.

लॅमिनेशनचं मी बघितलंय. आमच्या नात्यात एकांनी जुन्या वाटणीचे कागद झेरॉक्सच्या दुकानात गरम लॅमिनेशन करून घेतले. दिसायला झकास. काही वर्षांत प्लास्टिकच्या आत कागद जास्तच तपकिरी झाला, आणि आता ते सोलताना अक्षर प्लास्टिकला चिकटून येतं. वकिलानं मूळ प्रत मागितली तेव्हा काय दाखवायचं हा प्रश्नच पडला.

पण कागदकिडा बाब, एक विचारतो. सरकारी दप्तरांतसुद्धा लॅमिनेशन करत ना? पातळ जाळीसारखं काहीतरी लावलेले कागद मी पाहिलेत.

कागदकिडा

करत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानंच १९५० च्या दशकात हाताने करायची पद्धत काढली. सेल्युलोज अॅसिटेटचा पातळ पडदा, त्यावर टिश्यू, आणि वरून अॅसिटोनचा बोळा फिरवायचा. गरम यंत्र लागत नाही, म्हणून ती भारतभर पसरली. त्या काळाला तो चांगला तोडगा होता, आणि त्यात आधी आम्ल काढायची शिस्त होती, जी झेरॉक्सच्या दुकानात नसते. पण अॅसिटेट स्वतःच कालांतरानं सडतं आणि व्हिनेगरचं आम्ल सोडतं. आता बहुतेक ठिकाणी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, जी पाण्यानं परत काढता येते.

आणखी एक, मायलरच्या (पॉलिएस्टरच्या) पारदर्शक पाकिटांबद्दल. ती चिकटवलेली नसतात म्हणून लोक ती सुरक्षित धरतात. पण आम्ल असलेला कागद बंद पाकिटात ठेवला तर त्यातून निघणारी आम्लं आतच कोंडतात आणि तो उघड्यापेक्षा लवकर म्हातारा होतो. ठेवायचाच असेल तर मागे कॅल्शियम कार्बोनेट असलेला कागद घाला आणि दोन कडा उघड्या ठेवा.

दर्यावर्दी

म्हणजे प्लास्टिकही नको, चुनाही नको. मग उरलं काय, आरती?

नाट्यवेडी

दर्यावर्दी, आरतीच झाली आहे, म्हणून तर घोटाळा. सांगते.

आज अग्रशाळेत बसून बघितलं. नकला बहुतेक चकचकीत निळ्या फाउंटन पेनच्या शाईत. खलनायकांच्या नकला का कोण जाणे, काळसर निळ्या. जमाखर्चात जांभळी पेन्सिल आहेच, खजिनदारांचं बोट लागून पुसलेलीही आहे. परवाने काही टंकलिखित. जुने दोन-तीन बोरूने लिहिलेले, तपकिरी अक्षर, आणि हो, काही अक्षरांच्या पोटात कागदच नाही. मागून छाया स्पष्ट दिसते.

आणि प्रत्येक नाटकाच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर हळदकुंकवाची बोटं आहेत. तालमीला सुरुवात करताना वहीची पूजा होते. आजही होते.

मांडवीकाठ

हळद! आता मात्र त्या संस्थेला हाकलाच. हळद अल्कलीत लाल होते, आपल्या बायका हळद-चुन्याचं कुंकू करत आल्या ते याच रसायनावर. आम्ल मारायला मॅग्नेशियम ऑक्साइडची फवारणी करा किंवा निवळी लावा, पहिल्या पानावरची पिवळी बोटं तांबूस होतील. त्या वहीचा इतिहास बघता तो डाग म्हणजे पुरावाच आहे.

अवांतर: कोणी हळदीच्या पट्टीनं कागदाचं आम्ल तपासायला जाऊ नका. हळद फक्त अल्कली ओळखते, आम्ल आणि उदासीन यात तिला फरक दिसत नाही.

कागदकिडा

हळदीचं मांडवीकाठ सरांनी बरोबर सांगितलं, माझ्या डोक्यात आधी शाईच आली होती. आता शाईनुसार जातो.

*चकचकीत निळी शाई.* सर्वात धोक्याची हीच, आणि तुमच्याकडे तीच जास्त आहे. धुता येणाऱ्या निळ्या शाईतला रंग अल्कलीत फिका होतो, कधी पूर्ण उडतो. शाळेत शाई पुसायची पेनं मिळत, ती याच तत्त्वावर चालत. म्हणजे आम्ल काढायच्या नादात नटाची वाक्यं पुसली जाऊ शकतात. या वह्यांना पाणीही नको, फवाराही नको.

*काळसर निळी.* तिच्यात लोह असतं. परवान्यांवरच्या बोरूच्या शाईची ही धाकटी बहीण.

*बोरूची तपकिरी.* ही मायफळ आणि हिराकशीची (हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट). लिहिताना काळी, वय झालं की तपकिरी. हिराकशीतून आम्ल येतं आणि सुटं राहिलेलं लोह सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण चालू ठेवतं, म्हणून अक्षर पडून भोकं होतात. पणजीच्या सरकारी अभिलेखागाराची सुरुवात १५९५ मध्ये दियोगो दो कोउतोच्या हाताखाली झाली. अशा दप्तरांत ज्यांनी काम केलंय त्यांना हे भोकांचं जाळं ओळखीचं आहे. इथं नुसता चुना अर्धाच उपाय ठरतो, कारण तो आम्ल मारतो, पण लोह जागच्या जागी राहतं. त्यावर हॉलंडमध्ये १९९० च्या दशकात कॅल्शियम फायटेटची पद्धत निघाली. फायटेट मोकळ्या लोहाला पकडून ठेवतं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटनं आम्ल काढतात. (फायटिक आम्ल धान्याच्या कोंड्यात असतं, म्हणून कोणी कोंड्याचं पाणी लावू नका. दर्यावर्दी, तुमच्याकडे बघून बोलतोय.) हे काम घरचं नाही. आणि मधल्या काळात या पानांना साधं पाणीही लावू नका, पाण्याबरोबर लोह कोऱ्या कागदात पसरतं.

*जांभळी पेन्सिल.* पाणी लागताक्षणी जांभळा डोह.

*रंगीत हस्तपत्रकं.* गुलाबी कागदाचा रंग फुटतो किंवा बदलतो. *निळा नकाशा* तर अल्कलीचा शत्रू. ती निळाई प्रशियन ब्ल्यूची असते, अल्कलीत उडते. त्याला चुना असलेल्या कागदात गुंडाळायचंही नाही, साधा उदासीन कागद वापरायचा.

मोडीप्रेमी

आणि रुमालातल्या मोडी कागदांना कृपया कोणीही हात लावू नये! ते हातकागद असतील, जुन्नर किंवा दौलताबादकडच्या चालीचे, चिंध्यांचे आणि खळ घोटून गुळगुळीत केलेले. शाई काजळीची. काजळी कागद खात नाही. अशा कागदात राळ-तुरटी नसते, म्हणून आपल्या पणजोबांच्या चिठ्ठ्या आपल्या शाळेच्या वह्यांपेक्षा तरण्या दिसतात. पण काजळीच्या शाईत बांधायला गोंद असतो, पाण्यात बुडवलं की अक्षर सुटतं. त्यांचा खरा शत्रू कसर आणि वाळवी.

एकच काळजी: खारव्याचा लाल रंग ओलीत कागदावर उतरतो. रुमाल बदला. धुतलेलं, खळ नसलेलं पांढरं सुती कापड घ्या. जुना खारवा टाकू नका, त्यावर कधीकधी दप्तराचं नाव लिहिलेलं असतं.

मांडवीकाठ

कागदकिडा, सगळं मान्य, पण तुम्ही फवाऱ्याला जरा जास्तच झोडपताय. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९० च्या दशकापासून मॅग्नेशियम ऑक्साइडची प्रक्रिया लाखो पुस्तकांवर केली. त्यात पाणी नाही, वही उसवावी लागत नाही. इतकी वाईट असती तर त्यांनी केली असती का?

कागदकिडा

सर, पद्धत वाईट नाही. ती कशासाठी आहे ते बघा. त्यांनी निवडली ती छापील पुस्तकं, ज्यांचा कागद आम्लाचा असला तरी अजून घडी सोसत होता. छपाईची शाई काजळी-तेलाची, तिला अल्कलीनं काही होत नाही. अशा संग्रहाला ती उत्तमच. मोडायला आलेली पुस्तकं त्यांनीही वेगळी ठेवली.

आणि त्याच संस्थेचा आधीचा अनुभवही सांगतो. त्यांनी डायएथिल झिंक नावाच्या वायूनं एकावेळी हजारो पुस्तकांचं आम्ल मारायचा घाट घातला होता. तो वायू हवा लागली की पेटतो. नासाच्या केंद्रातल्या चाचणीत १९८५-८६ मध्ये आगी लागल्या आणि पुढे काही वर्षांनी तो बेत सोडून द्यावा लागला. *सगळं एकदम* हा शब्द ऐकला की मला तेच आठवतं.

नाट्यवेडीताईंच्या कपाटात फवारा शोभेल तो छापील नाटकांना. पण तीच पुस्तकं मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत, पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातही मिळण्याची शक्यता आहे. नकला जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पैसे कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवा. हां, तुमच्या छापील प्रतीवर दिग्दर्शकानं पेन्सिलनं काटछाट केली असेल तर ती प्रतही नक्कलच समजा.

सासष्टीकर

अमोनियाच्या धुरीबद्दल ऐकलं होतं. पेटीत बशीभर अमोनिया ठेवून रात्रभर कागद वर टांगायचे. ते स्वस्त आहे ना?

मांडवीकाठ

स्वस्त आहे, कारण टिकत नाही. अमोनिया उडून गेला की मागे साठा उरत नाही आणि कागद पुन्हा आम्लाकडे सरकतो. आपल्याकडच्या दप्तरांत वापरत असत, पाण्यात न भिजवता येणाऱ्या कागदांसाठी. निळ्या शाईला तो वायूही अल्कलीच, हे विसरू नका.

पेडणेकरीण

मग ताईंनी करायचं काय, हे कोणी सांगेल का? सगळे "करू नका"च सांगताय. रविवार उद्यावर आलाय.

कागदकिडा

बरोबर बोललात. माझं मत असं.

आधी नकलांचे फोटो. स्कॅनरवर दाबून नव्हे. वही दोन उशांवर निम्मी उघडी ठेवून वरून कॅमेरा, खिडकीचा उजेड, फ्लॅश नको. जी पानं उघडताना तुटतात त्यांचा फोटो आहे त्या स्थितीत. तुकडे पडले तर पानाचा क्रमांक लिहिलेल्या कागदी लिफाफ्यात.

मग वेगळं करणं. आम्ल पसरतं: तपकिरी वर्तमानपत्राची घडी शेजारच्या चांगल्या पानावर आपली सावली उमटवते. वह्यांतली जुनी कात्रणं, गंजक्या टाचण्या, सेलोटेप, कडुलिंबाचा वाळका पाला, हे सगळं बाहेर. टेप मात्र ओढू नका, आहे तशी राहू दे.

प्रत्येक वही आम्लरहित कागदात गुंडाळा. चिंध्यांचा हातकागद चालतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो बनवते, पण हातकागद म्हटलं की आम्लरहितच असं धरून चालू नका, घेतल्यावर कोपऱ्यावर पीएच पेन ओढून बघा. क्लोरोफिनॉल रेडचं पेन असेल तर जांभळी रेघ म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे आम्ल. ही चाचणी *नव्या* कागदावर करायची. जुन्या वहीवर ती रेघ कायमची राहते, आणि तपकिरी कागदावर रंग धड कळतही नाही.

खोके पुठ्ठ्याचे, त्याच कसोटीचे. कपाट भिंतीपासून हातभर पुढे, खालचा खण रिकामा.

निराम्लीकरणाला, म्हणजे आम्ल काढायला, माझ्या यादीत फक्त टंकलिखित परवाने आणि शाईची चाचणी पास झालेले सुटे कागद उरतात. चाचणी म्हणजे अक्षराच्या कडेला पाण्याचा एक थेंब, वर टिपकागद, रंग येतो का बघायचं. मग तीच चाचणी द्रावणाच्या थेंबानं. शिक्का आणि तिकीट वेगवेगळे तपासायचे, शिक्क्याची जांभळी शाई बहुधा नापास होते. भोकं पडलेले परवाने कोणत्याही तज्ज्ञाकडे जाईपर्यंत सपाट, प्रत्येकी वेगळ्या घडीत.

नाट्यवेडी

देव बरें करूं! बैठकीत हेच वाचून दाखवते. अध्यक्ष विचारतीलच म्हणून विचारते: आम्ल आत तसंच राहिलं, तर या वह्या किती टिकतील?

मांडवीकाठ

वर्षं सांगणारा खोटं बोलतोय असं समजा. पण वेग कशानं वाढतो ते सांगता येतं: ओल आणि उष्णता. ही दोन्ही कमी केली तर आम्ल असूनही प्रक्रिया मंदावते. ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की बुरशीही येते, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने हवा त्याच्या वरच असते. पानामागे जो दर देणार होतात त्यात अग्रशाळेच्या त्या एका खोलीला आर्द्रताशोषक यंत्र आणि एक आर्द्रतामापक नक्की येईल. यंत्राचं पाणी रोज ओतायला माणूस ठरवा, नाहीतर ते यंत्रच ओल देईल.

दर्यावर्दी

पाणी ओतायला मी येतो. चुना आणत नाही, शपथ.

नाट्यवेडी

बैठक झाली. लॅमिनेशन एकमतानं रद्द. खजिनदार यंत्राला लगेच तयार झाले, कारण त्याचं बिल एकदाच येतं. पण एक अडचण: पूजेची पहिली वही कपाटात बंद करायला भटजी आणि जुने नट तयार नाहीत. दरवर्षी तालमीला हळदकुंकू तिलाच लागतं असं म्हणतात. आणि टंकलिखित परवान्यांचं काम चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी उरकावं असं तरुणांचं म्हणणं आहे.

कागदकिडा

पूजा नव्या वहीची करा. जुन्या वहीचं पहिलं पान हातकागदावर नकलून घ्या, तीच प्रत पाटावर ठेवा. मूळ वही शेजारी खोक्यात असली तर जुन्या नटांनाही चालेल बहुधा. विचारून बघा.

परवान्यांचं मात्र चवथीच्या आधी नको. पावसात ओला कागद वाळत नाही आणि टिपकागदांच्या थरात बुरशी धरते. तोवर फोटो आणि गुंडाळणं चालू ठेवा, तेही सलग दोन कोरडे दिवस मिळतील तेव्हाच. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मला इथे व्यक्तिगत निरोप करा, द्रावण कसं करायचं ते मी येऊन दाखवतो. टिपकागद जाड, पांढरा, भरपूर आणून ठेवा. तो कधीच पुरत नाही.